कुमुदताईंचं मशीन

कामाच्या टेबलाशी बसून मी डोळे मिटले की गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा झोपला. कुणी खाकरतं, कुणी काउंटरवर किल्ली वाजवतं. किला गेटचा एक डीजे तर एकदा हळूच बाहेर जाऊन शेजारच्या पानवाल्याला विचारून आला, "भाऊसाहब की तबीयत तो ठीक है न?" तबीयत उत्तम असते. मी ऐकत असतो. बिघडलेलं यंत्र नुसतं बघितलं तर चांगलंच दिसतं. ऐकलं तर कुठे दुखतंय ते सांगतं, असं मी आयुष्यभर मानत आलो. ऐकता ऐकता कधी खरीच डुलकी लागते, तेही कबूल करून टाकतो. दुपारी नया बाजारात रहदारी जरा थांबली, समोरच्या दुकानाच्या पत्र्यावरून उन्हाची तिरीप माझ्या टेबलावर आली, की उघड्या यंत्रातली तांब्याची तार आणि माझ्या डोक्यातली स्वप्नं एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही.

दुकानाच्या पाटीवर अजून 'रेडिओ' हाच शब्द आहे. तो बदलायचं राहून गेलं. रेडिओ गेले, टेप आल्या. टेप गेल्या, अँप्लिफायर आले. आणि गेली दहा-बारा वर्षं माझ्याकडे येतात ते बहुतेक डीजे लोकांचे कंट्रोलर. आता मी आठवड्यातून तीनच दिवस दुकान उघडतो. बाकीचा इतिहास सांगत बसत नाही. तो माझा मलाच कंटाळवाणा वाटतो.

कंट्रोलर म्हणजे काय ते मात्र सांगायला हवं, कारण दिवाळी अंक वाचणाऱ्या मंडळींनी तो वरातीत लांबूनच पाहिलेला असणार, तोही कानांवर हात ठेवून. हार्मोनियमएवढं, पण सपाट असं ते यंत्र असतं. दोन बाजूंना फिरणाऱ्या दोन थाळ्या, मध्ये वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या, आणि खाली चौकोनी रबरी बटणांची ओळ. या बटणांना पॅड म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, गाणी त्या यंत्रात आहेत. त्यात काहीच नसतं. गाणी असतात शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये. एखाद्या गाण्यात हवी ती जागा धरून कॉम्प्युटरमध्ये खूण करून ठेवायची आणि ती खूण एका पॅडला नेमून द्यायची. पॅड दाबलं की वायरीतून निरोप जातो, अमक्या खुणेपासून वाजव. कॉम्प्युटर वाजवतो आणि आवाज त्याच वायरीने परत येऊन स्पीकरला जातो. मी नव्या डीजेंना सांगतो, "ये सिर्फ हाथ हैं बेटा. गला तो कम्प्यूटर का है." हात आणि गळा यांची फारकत झाली की ते माझ्याकडे येतात.

आल्या आल्या प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "भाऊसाहब, मशीन मर गई." मशीन सहसा मेलेली नसते. कधी वायर आतून तुटलेली असते. कधी कॉम्प्युटरने परस्पर ठरवलेलं असतं की आवाज मोठ्या स्पीकरला न देता आपल्याच पिटुकल्या स्पीकरमधून काढावा, आणि हा बिचारा पाचशे माणसांसमोर थाळ्या फिरवत उभा असतो. म्हणून माझ्या दुकानाचा नियम आहे: आधी वायर, मग कॉम्प्युटर, मग त्यातला प्रोग्राम. स्क्रू-ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी. आणि दुसरा नियम, मी हात लावत नाही. ज्याचं यंत्र त्याने माझ्यासमोर ते जोडायचं, जसं तो लग्नात जोडतो तस्संच.

याच नियमाने मी एका डीजेचं भूत उतरवलं होतं. एका ठरावीक मॅरेज गार्डनमध्ये त्याचं मशीन ऐन रंगात आलं की गप्प व्हायचं. इतर कुठे नाही, फक्त तिथेच. त्याने मशीनला लिंबू-मिरची बांधली होती. मी त्याला म्हटलं, बाबा, तिथे जोडतोस तसं सगळं जोड. त्याने जोडलं आणि लॅपटॉपच्या चार्जरला मात्र हात लावला नाही. "वहाँ प्लग दूर है," म्हणाला. संपलं. लॅपटॉप बॅटरीवर चालला की वीज वाचवण्यासाठी मधूनच वायरीचा पुरवठा तोडत होता. मी एक सेटिंग बदललं आणि त्याला लांब वायरचा बोर्ड घ्यायला सांगितलं. स्क्रू-ड्रायव्हर खणातून बाहेरही आला नाही. या गोष्टीचा मला इतका अभिमान होता की मी ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असे. लिंबू-मिरची त्याने शेवटपर्यंत काढली नाही, हे मात्र सांगत नसे.

त्या अभिमानाचं काय झालं, ते आता सांगतो.

गेल्या वर्षी दसरा होऊन चार दिवस झाले असतील. एक बाई शालीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर घेऊन आल्या, तान्हं मूल डॉक्टरकडे आणावं तसं. खांद्याला लॅपटॉपची बॅग. या हिंदी शहरात उठून दिसणारा मराठी चेहरा आणि काउंटरवर ठेवण्याआधी जागा पदराने पुसायची पद्धत पाहून मी मराठीतच विचारलं, "काय झालंय?"

"काका, हे आपणहून बोलायला लागलंय," त्या म्हणाल्या. "मतलब, कुणी हात पण नाही लावला तरी. बंदच नाही होत."

त्यांचं नाव स्मिता. फूलबागेमागच्या फ्लॅटमध्ये राहतात, शाळेत शिकवतात. कंट्रोलर त्यांच्या मुलाचा, ओंकारचा. तो कॉलेजात असताना इथे लग्नांत वाजवत असे. नोकरीला बंगळूरला गेला तेव्हा मशीन माळ्यावर पडलं. "आता कोण वाजवतं?" मी विचारलं.

"आई. माझ्या सासूबाई. त्या गाणं शिकवतात नं, कुमुदताई."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

तीन वर्षांपूर्वी कुमुदताईंना अर्धांगाचा झटका आला, असं स्मिता सांगत होत्या. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं, शब्द निघत नाही, सूर तर नाहीच. ज्या बाईने लष्कर भागातल्या अर्ध्या मराठी घरांना सारेगम शिकवलं, तिने वर्षभर घरात हार्मोनियमचं झाकण उघडू दिलं नाही. मग ओंकार सुट्टीत आला. कपाटात त्याला जुन्या क्लासची एक कॅसेट सापडली, ताईंच्या तरुण आवाजातली. त्याने ती लॅपटॉपवर उतरवली, माळ्यावरचं मशीन काढलं आणि आजीला शेजारी बसवून कॅसेटमधल्या आठ जागांना खुणा केल्या. सात पॅडवर भूपाचे सात टप्पे, सोप्यापासून अवघडापर्यंत. आणि आठव्यावर, शिष्य चुकला की ताई म्हणत ते, "हं, पुन्हा."

"डाव्या हातानं दाबतात," स्मिता म्हणाल्या. "पहिलं दाबलं की त्यांचा आवाज येतो, मुली म्हणतात, चुकल्या की आठवं. चार मुली येतात आता. काका, मी तर पाहत राहायची. क्लासच्या दिवशी सकाळपासून आंघोळ करून, गजरा घालून बसायच्या."

"आणि आता?"

"आता ते आठवंच वाजत राहतं. हं, पुन्हा. हं, पुन्हा. मुलगी बरोबर गायली तरी पुन्हा, गप्प बसली तरी पुन्हा. परवा मुलींना हसू आलं. लहान आहेत, काय करणार. पण आईंना वाटलं, त्यांच्यावरच हसल्या. उठून आत गेल्या." त्यांनी शाल घडी करायला घेतली आणि तशीच सोडून दिली. "खुणेनं सांगितलं, बंद. मला वाटलं मशीन बंद. त्यांनी हार्मोनियमकडे पण हात केला. जेवण पण नाही केलं नीट तेव्हापासून. काका, हे ठीक नाही झालं तर क्लास संपला. आणि क्लास संपला तर मग आई पण…"

मी लॅपटॉपची बॅग त्यांच्या खांद्यावरून उतरवून घेतली.

आता माझी बाजू. मी अकरा वर्षांचा असताना आईने मला कुमुदताईंच्या क्लासला घातलं. तेव्हा क्लास नया बाजारातच, याच दुकानामागच्या गल्लीत होता. आमचं घराणं शिंदेशाहीतल्या शिपायांचं. गाणं आमच्या घरात सात पिढ्यांत नव्हतं, म्हणूनच आईला हौस. मी भूपाच्या एका टप्प्यावर अडकलो. धैवत लागेना. ताई म्हणत, "हं, पुन्हा," मी म्हणे, आणि तो पुन्हा खालीच पडे. असं आठवडाभर चाललं. एके दिवशी मी म्हटलं, "ताई, पाणी पिऊन येतो," आणि उठलो. पाणी प्यायला गल्लीच्या तोंडाशी आलो, तिथल्या रेडिओच्या दुकानात मालक एक रेडिओ उघडून बसले होते, आतले दिवे मंद पेटलेले होते. मी बघत उभा राहिलो तो उभाच. परत गेलो नाही. पुढे त्याच दुकानात कामाला लागलो, पुढे ते दुकान माझं झालं, पण त्या गल्लीत मी उभ्या आयुष्यात पुन्हा शिरलो नाही. लाज फार चिवट असते.

स्मितांना यातलं काही सांगितलं नाही. मशीन जवळ ओढलं. पॅडच्या ओळीजवळ हळदीचं एक बोट उठलेलं होतं आणि त्यावर कुंकू.

"दसऱ्याला पूजेत ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "तंबोऱ्याशेजारी. आईंनीच हात धरून दाखवलं, हे पण ठेव म्हणून."

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. तलवार केव्हाच गेली. पाटावर माझी तारा जोडायला डाग द्यायची इस्त्री, मीटर आणि पक्कड असते, त्यांना मी स्वतः हळद-कुंकू वाहतो. ते बोट पाहून मी मनातल्या मनात हात जोडले. यंत्रावरची धूळ पुसली तेव्हाही ते बोट जपून, त्याच्या कडेकडेने पुसलं.

मग नियमाप्रमाणे कामाला लागलो. वायर बदलली. मशीन लॅपटॉपला जोडलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आठवं पॅड दाबलं. "हं, पुन्हा." इतक्या वर्षांनी तो आवाज थेट कानात. मी दचकून हेडफोन काढला, इकडेतिकडे बघितलं, परत घातला. पॅड एकदा वाजलं आणि गप्प बसलं. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. बाहेर ई-रिक्षा गेल्या, कुलफीवाल्याची घंटा गेली. काही नाही. दोन दिवस मी ते मशीन जोडून ठेवलं. दोन दिवस ते माझ्याकडे शहाण्या मुलासारखं वागलं.

दुकानात शहाणं आणि घरी वेडं, म्हणजे दोष प्रोग्रामचा, असा माझा निकाल. जुना प्रोग्राम पुसून नवा कोरा घालायचा. कॅसेटची नक्कल आधी दुसरीकडे काढून ठेवली, मी काही नवशिक्या नाही. पुसलं, घातलं, कॅसेट लावून पाहिली, गुळगुळीत वाजली. नियमात दुसरी एक गोष्ट होती: गिऱ्हाइकाने आपल्या पद्धतीने जोडून दाखवायचं. ती मी या वेळी पाळली नाही. कारण गिऱ्हाईक कुमुदताई होत्या आणि मला त्यांच्यासमोर जायचं नव्हतं.

पण पोचवायला जावंच लागलं. स्मितांना शाळेतून निघता येईना. दुपारी तीनच्या सुमाराला मी फूलबागेमागच्या त्या फ्लॅटची घंटी वाजवली. त्या नुकत्याच घरी आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत सतरंजी, लाकडी चौरंग, चौरंगावर स्पीकर. मी मशीन लॅपटॉपला जोडून चौरंगावर स्पीकरला लागून ठेवलं, स्मितांनी दाखवलं तसं. आतून कुमुदताई आल्या. पांढरे केस, उजवा हात पोटाशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि बसल्या. ओळखलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि बरं वाटलं.

डाव्या हाताचं बोट पहिल्या पॅडवर गेलं. दाबलं. काही आवाज नाही. दुसरं. नाही. तिसरं, चौथं. प्रत्येक पॅड नुसतं उजळलं आणि गप्प.

मला समजलं. कॅसेट शाबूत होती. पण खुणा कॅसेटमध्ये नसतात. खुणा त्या प्रोग्रामच्या वहीत असतात, आणि ती वही मी माझ्या हाताने पुसली होती. ओंकारने आजीजवळ बसून शोधलेल्या आठही जागा गेल्या होत्या.

तेवढ्यात कॅसेट वाजायला लागली. खरखर, मग कुणीतरी सतरंजी झटकल्याचा आवाज. थांबली. परत तीच खरखर, तीच सतरंजी. परत. मी पॅडांकडे पाहिलं. आठव्या पॅडचा दिवा पेटत होता, विझत होता, पेटत होता, आणि कुमुदताईंचा हात मांडीवर होता. कोरं पॅड पहिल्या दाबाला नुसती खूण बसवतं, पुढच्या दाबाला वाजतं; कुणीतरी त्यावर कॅसेटच्या सुरुवातीची नवी खूण बसवली होती आणि आता तेच पुन्हा पुन्हा दाबत होतं.

मी स्पीकरचा आवाज बंद केला. दिवा थांबला. चालू केला, दिवा उड्या मारायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पॅडखाली काहीतरी अडकलेलं होतं. पॅड अर्धवट दाबलेलंच होतं, आणि ताईंच्या बोटाने किंवा शेजारच्या स्पीकरने चौरंग हादरला की उरलेलं अर्धं दाबलं जात होतं. आवाज आला की हादरा, हादरा बसला की पुन्हा आवाज. दुकानात मी हेडफोन लावून बसलो, हादरा कुठून येणार? मी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, सगळ्यांत शेवटी, नियमाप्रमाणे. झाकण उघडून रबर उचललं. आठव्या पॅडच्या कडेला एक तांदूळ होता. हळद-कुंकवात भिजून फुगलेला आणि तिथेच वाळलेला. दसऱ्याची अक्षत.

हळदीचं बोट मी पाहिलं होतं. जिथे हळद-कुंकू आहे तिथे अक्षता असणारच, हे कुठल्याही मराठी घरातलं पोर सांगेल. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं, दुसरा कसला डाग असता, तर मी पहिलं तिथेच कोरलं असतं. मी मात्र त्या डागाला नमस्कार करून दोन दिवस प्रोग्रामच्या मागे लागलो.

"निघालं!" स्मिता म्हणाल्या. "हे एवढंसं?"

"हे निघालं," मी म्हटलं, "पण माझ्या हातून मोठी चूक झालीय." आणि खुणांचं सांगितलं. कुमुदताईंसमोर सांगितलं, कारण मागे जाऊन कुजबुजणं मला जमलं नसतं.

स्मितांनी ओंकारला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "सगळे उडले?" तो म्हणाला. "अरे यार. काका, मला कसं याद असणार? एक घंटे की कॅसेट आहे. आजीनेच चुना था सब, मी तर बस बटण दाबत होतो. नोव्हेंबर एंडला येईन तेव्हा देखते हैं नं." फोन ठेवला. कुमुदताईंनी डाव्या हाताने शाल उचलली आणि मशीनवर पांघरली. रागावल्या नाहीत. तेच मला सोसवेना.

"ताई," मी म्हटलं. तोंडातून एकदम ताईच निघालं. "उद्या दुपारी येतो. कॅसेट पहिल्यापासून लावू. तुमची जागा आली की बोट वर करा. मी खूण करतो. हव्या तितक्या दुपारी लागू देत." त्यांनी शाल आणखी ओढली नाही. तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी गेलो.

तीन दुपारी आम्ही ती कॅसेट ऐकली. आयुष्यात मी इतकं ऐकलं नसेल. ऊन खिडकीतून सतरंजीवर यायचं आणि इंचाइंचाने चौरंगाकडे सरकायचं. ताई डोळे मिटून बसत, मीही. कॅसेटमध्ये नया बाजारची चाळीस वर्षांपूर्वीची एक दुपार होती. सुरांच्या मागे टांग्याची टापटाप जात होती. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, कुणी गच्चीवरून "ओ मुन्नी" अशी हाक मारली, आणि मुन्नीने ओ दिली नाही. कबुतरं होती. त्या सगळ्यातून एक तरुण बाई स्वच्छ, न डगमगता भूप म्हणत होती, आणि ती बाई माझ्यासमोर पांढऱ्या केसांनी बसलेली होती, आणि मी यांतल्या कोणत्या दुपारी आहे ते मला समजेनासं व्हायचं. ताईंचं बोट वर गेलं की मी जागा व्हायचो आणि खूण करायचो. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी चार.

कॅसेटवर शिकणाऱ्या मुलांचे आवाजही होते. एक मुलगा धैवतावर सारखा घसरत होता. मी श्वास रोखून ऐकलं. हिशेबाने तो मी असणं शक्य नव्हतं. मी पळालो त्यानंतर आठ-दहा वर्षांनी ही टेप झालेली. तरीही ऐकलं. तो मी नव्हतो. पुढे एके ठिकाणी मात्र लांबून रेडिओचा काटा फिरवल्याची कर्कश किंचाळी आली, लांबलचक, आणि कॅसेटमधल्या ताई त्रासून म्हणाल्या, "तो दुकानवाला आज गाऊ देणार नाही बाई." ते दुकान आमचं. त्या वर्षी तिथे काटे फिरवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मी डोळे उघडून पाहिलं. ताईंचे डोळे मिटलेलेच होते, पण ओठांची डावी बाजू हलली होती.

तिसऱ्या दुपारी सातवी जागा सापडली. राहिलं आठवं. "हं, पुन्हा" कॅसेटवर कितीदा तरी होतं. मला वाटलं, कुठलंही चालेल. मी पहिलं लावलं; ताईंनी मान हलवली, नाही. ते रागाचं होतं, माझ्याही लक्षात आलं. दुसरं दमलेलं होतं. तिसरं घाईचं. एकेक करत आम्ही सगळी पुन्हा ऐकली आणि त्या एकेकाला नाही म्हणत गेल्या. शेवटी कॅसेट संपता संपता एक आलं. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. शिष्याला अख्खी दुपार मोकळी आहे, असं सांगणारं होतं ते. ताईंचं बोट वर गेलं.

खूण केली. आठही पॅड उजळले. मी एकदा सगळी दाबून पाहिली आणि स्पीकर मुद्दाम मोठा करून पाहिला. मशीन गप्प. कुणी दाबलं तरच बोलत होतं. स्मितांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काका, तीन दिवस झाले, तुम्ही पाणी पण नाही मागितलं. थांबा." त्या ग्लास भरून घेऊन आल्या. माझ्या घशाला खरोखरच कोरड पडली होती. मी हात पुढे केला.

कुमुदताईंनी आपला डावा तळवा ग्लासवर ठेवला.

मला आधी वाटलं, चुकून ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, सरळ, क्लासमध्ये बघत तशा. तळवा ग्लासवरून हलेना. मग त्यांनी मानेनेच सतरंजीकडे खूण केली. मी खुर्चीवरून उठलो आणि खाली मांडी घातली. बासष्ट वर्षांचे गुडघे, त्यांनीही आवाज केला. ताईंनी ग्लास स्वतःच्या बाजूला ओढून घेतला आणि बोट चौथ्या पॅडवर ठेवलं. माझाच टप्पा. त्यांचा तरुण आवाज वर गेला, धैवताला लागून खाली आला आणि थांबला. त्या वाट बघत होत्या.

मी गायलो. कसा, ते विचारू नका. स्मितांना हसू आलं असेल तर त्यांनी ते पदरात लपवलं. धैवत जिथे पडायचा तिथेच पडला. पन्नास वर्षांत त्याने जागा बदलली नव्हती.

ताईंनी आठवं पॅड दाबलं. "हं, पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा. ऊन चौरंगावर चढलं, पॅडांवरून पलीकडे गेलं. कितव्या खेपेला ते सांगता येणार नाही, पण एकदा तो सूर लागला. क्षणभरच लागला, पण लागला. माझ्या कानांना खोटं ऐकायची सवय नाही.

ताईंचं बोट आठव्या पॅडवर होतं. ते त्यांनी उचललं आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.